मी सांगितलेलं प्रेशर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे मी रोज हात जोडून उभी राहते, पण तिथेही बोलत नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा मराठीत लिहिलेलं इथे जयपुरात माझ्या घरात कोणी वाचणार नाही म्हणूनही असेल. नवरा मराठी कधी हातात घेत नाही, आणि माझ्या मुलीला मराठीचं एक पान वाचायचं म्हणजे घाम फुटतो. म्हणजे बघा, कबुली द्यायला बसले तरी आधी दाराची कडी लावली आहे का ते बघते आहे.

मी भूल देणारी डॉक्टर आहे. हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या डोक्याशी उभी असते ती. लोकांना वाटतं, आम्ही इंजेक्शन देतो आणि मग खुर्चीत बसून मोबाइल बघतो. मिठाईचा डबा सर्जनसाठी येतो, आणि आमच्याकडे बघून नातेवाईक विचारतात, या कोण होत्या? मला याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं. ज्याला कोणी बघत नाही, त्याला कोणी विचारतही नाही.

आता सुभेदारांबद्दल सांगते. त्यांच्यापासून सुरुवात केली तर पुढचं सोपं जाईल, असं मला वाटतं. जाईल का, ते माहीत नाही.

सुभेदार जगदाळे साताऱ्याकडचे. शेवटची पोस्टिंग जयपूरला होती. रिटायर झाल्यावर मुलाला, नितीनला, इथेच नोकरी लागली, म्हणून गावी परत जायचं राहिलं ते राहिलंच. शास्त्री नगरात तीन मजली घर बांधलं. इथल्या मराठी मंडळात आमची ओळख झाली. आमचं मंडळ म्हणजे काय, फौजी, डॉक्टर, दोन-चार प्रोफेसर, बँकेतले लोक आणि वर्षातून एक गणपती. त्या गणपतीत एक नाटक व्हायचं. नाटकाचा पडदा सुभेदार ओढायचे. दुसऱ्या कोणाला दोरीला हात लावू द्यायचे नाहीत. एंट्रीच्या आधी मी विंगेत घुटमळायला लागले की दोरी धरूनच हळूच म्हणायचे, "ताई, गोळी लागत नाही इथं, जावा."

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंचे गुडघे तेव्हाही दुखायचे. पण त्या मोदक करायला सगळ्यांच्या आधी हजर असायच्या आणि माझे मोदक फुटले की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हिला माणसं शिवता येतात, मोदक न्हाई." माणसं मी शिवत नाही, सर्जन शिवतात, हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

त्या वर्षी गणपतीच्या आधी सुभेदारांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. तीन नसा तुंबलेल्या होत्या. बायपास करायची ठरली, आणि ती मी काम करते त्याच हॉस्पिटलमध्ये. नितीन मला म्हणाला, "वसुधा आंटी, आप हो तो टेन्शन नहीं."  काकूंनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडायलाच तयार नव्हत्या.

ऑपरेशनची तारीख नाटकाच्याच दिवशी आली. नाटक संध्याकाळी सातला होतं, ऑपरेशन सकाळचं. जमण्यासारखं होतं. पण आधीची केस लांबली, आणि सुभेदारांना आत घेतलं तेव्हा दुपार झाली होती. टेबलावर आडवे झाल्यावर मास्कच्या वर माझे डोळे ओळखून ते म्हणाले, "वसुधाताई, माझ्यापायी तुमची एंट्री चुकायला नको हां." मी हसले आणि त्यांना झोपवलं.

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं जवळ बाळगलं. जणू त्यांनी मला परवानगीच देऊन ठेवली होती.

बायपासमध्ये काय करतात ते थोडक्यात सांगायला हवं. नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाही, आणि न कळेल असं सांगणं मला चांगलं जमतं. हृदयाला रक्त देणारी नस तुंबली की पायातून किंवा छातीतून दुसरी नस काढून घेतात, आणि तुंबलेल्या जागेच्या पुढे नेऊन जोडतात. रस्ता खणलेला असला की आपण बाजूच्या गल्लीतून गाडी काढतो ना, तसं. टाके फार बारीक असतात. बाहेरून जोड कितीही सुबक दिसला, तरी आतून रक्त नीट जातंय का हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून छाती बंद करण्याआधी ते मोजतात. हुकासारखा वाकलेला एक छोटा प्रोब त्या नव्या नसेभोवती अडकवतात, मध्ये जेली लावतात, आणि शेजारच्या मशीनवर दिसतं की मिनिटाला किती रक्त जातंय, आणि ते खरंच पुढे जातंय की जागच्या जागी हेलकावे खातंय.

आमच्या सरांची, म्हणजे सर्जनची, याबाबत एक ठरलेली रीत होती. पहिल्यांदा आकडा कमी आला की आधी प्रोबला दोष द्यायचा. जेली पुन्हा लावायची, प्रोब सरळ करायचा. दुसऱ्यांदाही कमी आला, तर मान वर न करता मला विचारायचं, "मैडम, प्रेशर?" कारण पेशंटचं ब्लडप्रेशरच खाली गेलं असेल तर नसेतून रक्त कमी जाणार, त्यात जोडाचा काय दोष? मी प्रेशर सत्तरच्या आसपास आणून सांगायचं (आम्ही वरच्या-खालच्या आकड्यांची सरासरी धरतो, त्यात सत्तर म्हणजे ठीक), आणि मग तिसऱ्यांदा मोजायचं. तिसऱ्यांदाही कमी आला, तर टाके उसवून जोड नव्याने करायचा. मग कितीही वाजलेले असोत. सर त्यावर कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत.

या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती जी सर स्वतः बघत नसत. प्रेशर. माझा मॉनिटर माझ्याकडे तोंड करून असतो, आणि मध्ये हिरव्या कापडाचा पडदा असतो. भिंतीवर सगळ्यांना दिसावा म्हणून दुसरा स्क्रीन लावलेला होता, पण तो बंद पडला होता, आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो चाललं होतं. त्यामुळे प्रेशर म्हणजे मी जे सांगेन ते. इतकी वर्षं बरोबर काम केल्यावर कोण कशाला उठून बघायला येईल?

सुभेदारांच्या पहिल्या दोन नसांतून रक्त छान वाहत होतं. तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूची होती. तिथे जोड करायचा म्हणजे हृदय उचलून धरावं लागतं. उचललं की प्रेशर पडतं, मग माझी धावपळ. ते एकदा करून झालं होतं. मोजलं, आकडा कमी. जेली लावून पुन्हा मोजलं. तेवढाच.

"मैडम, प्रेशर?"

सत्तर होतं. अगदी जसं हवं तसं. म्हणजे दोष प्रेशरचा नव्हता. जोडातच काहीतरी होतं. हे मला त्या क्षणी कळलं, उशिरा नाही, नंतर विचार करून नाही. तिथेच कळलं.

आणि मी म्हणाले, "थोड़ा कम है सर, दो मिनट दीजिए."

मग मी प्रेशर वाढवायचं औषध दिलं. आकडा सत्तरवरून वर गेला, ऐंशी, नव्वद, शंभरच्या जवळ. जयपुरात उन्हाळ्यात लोक नळाला मोटर लावून पाणी ओढतात, माहीत आहे ना? मोटर चालू असली की बादली भरताना वाटतं, काय पाणी आहे! मी तेच केलं. मोटर लावली आणि म्हणाले, "अब देखिए सर. सत्तर."

सरांनी तिसऱ्यांदा मोजलं. आकडा जवळजवळ दुप्पट आला होता. सिस्टरने तो मोठ्याने वाचला. सरांनी कंबर सरळ केली आणि म्हणाले, "चलिए, बढ़िया. क्लोज करते हैं." थोड्या वेळात औषध उतरलं आणि प्रेशर होतं तिथे परत आलं. तोपर्यंत प्रोब धुवायला गेला होता. मी ते औषध कुठे लिहिलं नाही.

किती सोपं झालं! हात थरथरले नाहीत, घाम आला नाही. लोक विचारतात तसं मी पुढे स्वतःला विचारलं, काय वाटलं तुला तेव्हा? काही वाटलं नाही. घड्याळाकडे बघितलं, एवढं आठवतं.

या प्रसंगाची एक दुसरी गोष्टही मी तयार करून ठेवली होती. कधी विचारलंच कोणी, तर सांगायला. ती अशी की, हृदय दमलेलं होतं, पुन्हा उचललं असतं तर झेपलं नसतं, मी त्यांचा जीव वाचवायला तसं केलं. चांगली गोष्ट आहे. कोणताही डॉक्टर मान डोलवेल. पण ती खोटी आहे. हृदय चांगलं होतं. पहिल्यांदा उचललं तेव्हा त्याने तक्रार केली आणि मग सांभाळून घेतलं, दुसऱ्यांदाही घेतलं असतं. मला नाटकाला जायचं होतं. बस, एवढंच. विसराळू सासूबाईंची भूमिका होती, मंडळातल्याच एका बँकवाल्याने लिहिलेली, आणि मला पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालं होतं. जोड पुन्हा करायचा म्हणजे दीड तास तरी गेला असता. फोन करून नाटक पुढे ढकला म्हणता आलं असतं की. सुभेदार टेबलावर आहेत म्हटल्यावर मंडळातला कोण नाही म्हणाला असता? पण तसं म्हटलं असतं, तर नाटक माझ्यामुळे राहिलं असतं. ते मला नको होतं.

सातच्या थोडं आधी मी पोचले. नितीनचा फोन आला होता, पापा ठीक आहेत, आयसीयूत आहेत. मी ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं आणि टाळ्या झाल्या. मग नाटक झालं. पडदा दुसऱ्या कोणीतरी ओढला, तो अर्ध्यात अडकला. प्रेक्षकांतून आवाज आला, "सुभेदारांना बोलवा!" आणि सगळे हसले. मीही हसले. काम चांगलं झालं माझं, लोक अजून आठवण काढतात.

तुम्हाला वाटेल, कबुली इथे संपली. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं, की माझी चूक त्या दुपारची आहे. पण नाही.

सुभेदार बरे होऊन घरी गेले. दिवाळीच्या फराळाला मंडळात आले. हळू चालत होते, पण मिशा पुन्हा पीळ दिलेल्या होत्या. सगळे भोवती जमले. मग मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, चालताना जरा दाटतंय छातीत. पयल्यासारखं नाही, पण दाटतंय." त्यांनी हे नितीनला सांगितलं नव्हतं, काकूंना नाही, सरांना नाही. मला सांगितलं. फौजी माणूस, तक्रार करायची लाज वाटत होती, आणि मी घरातली होते.

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी तपासायला नेऊ शकले असते. एक तपासणी, आणि तिसरी नस चालू आहे की बंद ते कळलं असतं. पण ते कळलं असतं तर सरांनी ऑपरेशनचे आकडे काढले असते, आणि डोकं खाजवत म्हणाले असते, तेव्हा तर चांगलं होतं, असं कसं झालं? आणि मग माझ्याकडे बघितलं असतं.

म्हणून मी म्हणाले, "छातीचं हाड भरून यायला वेळ लागतो काका. असं होतं." वर एक करंजीही दिली त्यांच्या हातात.

त्यांनी मान हलवली. डॉक्टरने सांगितलं म्हणजे झालं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी विचारलंही नाही.

संक्रांतीला जयपूर गच्चीवर असतं, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळपासून पतंग, भोंगे, आरडाओरडा. जगदाळ्यांची नात वर पतंग उडवत होती. जेवायची वेळ झाली, पोरगी हाकेला ओ देईना. काकूंना जिना चढवेना, गुडघे आखडले होते. त्या सुभेदारांना म्हणाल्या, "तुम्हीच जाऊन आणा की तिला." सुभेदार तीन मजले चढून गेले. गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ खाली बसले. नात पाठमोरी होती, आजूबाजूला "वो काटा" चाललं होतं. कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला. हॉस्पिटलपर्यंत नेलं, पण उपयोग झाला नाही.

ती नस बंद पडली होती म्हणूनच ते गेले का? मला माहीत नाही. शरीर उघडून कोणी बघितलं नाही, मी बघा म्हटलं नाही. कदाचित जोड नव्याने केला असता तरी हेच झालं असतं. असं होतं, चांगले जोडही बंद पडतात. पण हे कधी कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था दोनदा मीच केली.

तेराव्याच्या आधी कधीतरी नितीनच्या तोंडून निघून गेलं, "आई, तूने उनको ऊपर क्यों भेजा?" लगेच त्याने जीभ चावली, माफीही मागितली. पण एकदा सुटलेला शब्द परत येतो का? काकूंनी तो उचलला आणि ठेवून दिला. त्यांना तो खरा वाटला. खरं तर त्यांना तो आधीच खरा वाटत होता, मुलाने फक्त मोठ्याने म्हटला.

दिवस झाल्यानंतर एकदा त्यांनी मला विचारलं. स्वयंपाकघरात होतो आम्ही दोघीच. "वसुधा, तू होतीस आत. आपरेशन तर नीट झालतं न्हवं गं?"

मी म्हणाले, "हो काकू. एकदम चांगलं झालं होतं."

त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगते. त्यांना बरं वाटायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. ऑपरेशन चांगलं झालं होतं, म्हणजे मग राहिलं कोण? जिना आणि त्या. मी बोलले आणि दोष दुसऱ्या कशाचा असेल हा त्यांच्या मनातला शेवटचा संशयही काढून घेतला. मला हे कळत होतं. मी पुढे म्हणाले, तुमचा काही दोष नाही, असं मनात आणू नका. सगळेच म्हणतात तसं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पोळी उलटली.

याला आता बरीच वर्षं झाली. सर दुसऱ्या गावी गेले. भिंतीवरचा स्क्रीन दुरुस्त झाला, आता प्रेशर सगळ्यांना दिसतं. मी अजून त्याच टेबलाच्या डोक्याशी उभी असते. कोणी आकडा वाचला की माझं काही हलत नाही. रडू येत नाही. स्वप्नं पडत नाहीत. सुरुवातीला मला वाटायचं, ही शिक्षा पुढे कधीतरी येईल. आली नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल असतो, पण आपला नसतो, तसं काहीसं आहे. आणि जिचं काम लोकांना बधिर करायचं, तिला याचं फार नवल वाटायला नको.

काकूंचं मात्र उलटं आहे. त्यांचे गुडघे पार गेले आहेत. सांधे बदलायचं ऑपरेशन सहज होण्यासारखं आहे, नितीन हात जोडून सांगतो, पण त्या ऐकत नाहीत. घरात भिंतीला धरून चालतात. बाथरूमला जायचं तर अर्धा तास आधीपासून मनाची तयारी करतात. नितीनने मागच्या आठवड्यात मला बोलावलं. आई तुमचं ऐकेल म्हणाला.

मी गेले. गुडघ्याचं ऑपरेशन कसं सोपं असतं, भूल मीच देईन, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्यावर इस्वास हाय गं. पर ह्या गुडघ्यांपायी मी त्यांना वर धाडलं. आता दुखू देत की. तेवढंच माझ्याकडनं."

नितीन दारात उभा होता. नात, आता मोठी झालेली, मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. एक वाक्य बोलायचं होतं. काकू, जिन्यामुळे नाही, माझ्यामुळे. शब्द तयार होते, जिभेवर होते. मी तोंडही उघडलं.

आणि म्हणाले, "बघा काकू, विचार करा. घाई नाही."

त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी नको नको म्हणत होते, तरी आल्या, एका हाताने भिंत धरून, एकेक पाऊल टाकत. मी चपला घालून उभी राहिले आणि त्या येईपर्यंत थांबले.